लाइट गेल्यापासून डेबियन लिनक्स बूट होताना दीड मिनिट अडकतं, मग इमर्जन्सी मोड येतो, मागचे लॉगही दिसत नाहीत. फॉरमॅट मारू का?

नाही, फॉरमॅट अजिबात मारू नका.

तुम्ही लिहिलंय की सुदामानगरला लाइट गेली, यूपीएसनं साथ दिली नाही, तेव्हापासून डेबियन १० चं मशीन सुरू करताना लाल चांदण्या इकडून तिकडे फिरत राहतात, 'ए स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणत दीड मिनिट मोजलं जातं आणि शेवटी काळा स्क्रीन, म्हणजे दुरुस्तीपुरत्या कमांड टाकायचा इमर्जन्सी मोड. रीस्टार्ट करून मागच्या बूटचा लॉग मागितला तर पर्सिस्टंट जर्नल (डिस्कवर साठवलेला लॉग) सापडलाच नाही असं उत्तर येतं. मीपण इंदूरचाच, आणि अगदी हेच दुखणं दोन वर्षांपूर्वी रामबागेतल्या एका वाचनालयाच्या पीसीवर निस्तरलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये इंग्रजीतच टाका.)

आधी लॉग का उडतो ते. बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम म्हणजे सिस्टीमडी, त्याचा जो लॉग लिहिणारा भाग आहे, जर्नलडी, त्याची डीफॉल्ट सेटिंग 'ऑटो' असते. म्हणजे व्हार-लॉग या फोल्डरच्या आत जर्नल नावाचा फोल्डर असेल तर तो डिस्कवर लिहितो, नसेल तर रन फोल्डरच्या खाली म्हणजे रॅममध्ये, आणि रॅममधलं सगळं रीस्टार्टला साफ. डेबियन १० मध्ये तो फोल्डर बनवलेलाच नसतो, ११ पासून आपोआप येतो. तुम्ही म्हणाल की व्हार-लॉगमध्ये सिसलॉगची फाइल तर आहे, हो आहे, पण ती आरसिसलॉग नावाचा दुसरा प्रोग्रॅम लिहितो आणि इमर्जन्सी मोडमध्ये गाडी आरसिसलॉग सुरू होण्याच्या आधीच थांबलेली असते, त्यामुळे जो बूट फसला नेमका त्याचंच त्या फाइलमध्ये काही सापडत नाही.

म्हणून काळा स्क्रीन आला की रीस्टार्ट मारू नका, पुरावा तिथेच जातो. रूटचा पासवर्ड टाका आणि त्याच ठिकाणी जर्नलसीटीएल मायनस बी चालवा, चालू बूटचा सगळा लॉग त्या क्षणी रॅममध्ये शाबूत असतो. वाचून झालं की एमकेडीआयआरनं व्हार-लॉगमध्ये जर्नल फोल्डर बनवा, मग सिस्टीमसीटीएल रीस्टार्ट सिस्टीमडी-जर्नलडी, की रॅममधलं डिस्कवर उतरतं. फोल्डर बनवताना रीड-ओन्ली म्हणून अडलं तर आधी रूट पार्टिशन (डेबियन ज्यावर आहे तो डिस्कचा भाग) रीड-राइट रीमाउंट करा, म्हणजे त्यावर लिहिता येईल. आणि पासवर्ड न विचारता रूट अकाउंट लॉक्ड आहे असंच आलं तर लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून थेट चालणारं लिनक्स) बूट करून जुन्या डिस्कवरच्या फाइली दुरुस्त कराव्या लागतील, थोडी जास्त खटपट, पण होतं.

लॉग कसा वाचायचा हे जास्त महत्त्वाचं. खालून वाचू नका. शेवटी 'डिपेंडन्सी फेल्ड' च्या ओळींची रांग दिसते, लोकल फाइल सिस्टीम्स फेल, हे फेल, ते फेल, आणि माणूस घाबरतो की सगळंच गेलं. त्या सगळ्या एकाच गोष्टीच्या मागे पडलेल्या असतात. वरून उतरत या आणि पहिली तक्रार शोधा. वाचनालयाच्या पीसीत ती ओळ होती 'टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस' आणि पुढे एक लांबलचक यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक. तो ब्लकआयडी कमांडनं दाखवलेल्या, जोडलेल्या डिस्कच्या यादीत कुठेच नाही, पण ईटीसीतल्या एफएसटॅब फाइलमध्ये आहे, जिथे बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ते लिहिलेलं असतं. म्हणजे कुणीतरी बॅकअपची बाहेरची डिस्क एफएसटॅबमध्ये कायमची लिहून ठेवलेली. वाचनालयाच्या काकांना विचारलं तर म्हणाले अरे ती तर मी महिन्याभरापूर्वीच घरी नेली, इथे चोरीला जाईल म्हणून. महिनाभर पीसी बंदच झाला नव्हता, त्यामुळे कुणाला कळलं नाही, आणि लाइट गेल्यावर पहिल्यांदा रीस्टार्ट झाला तेव्हा सगळे लाइटलाच दोष देत बसले. तुमच्याकडेही हेच असेल असं माझं मत आहे, कारण ते दीड मिनिट म्हणजे सिस्टीमडीची न सापडणाऱ्या डिव्हाइससाठी थांबायची डीफॉल्ट मुदत, ९० सेकंद. शेवटच्या रीस्टार्टनंतर कुठली डिस्क काढली, बदलली, फॉरमॅट केली ते घरच्यांना विचारा.

उपाय छोटा आहे. एफएसटॅबच्या त्या ओळीत ऑप्शन्सच्या रकान्यात 'डीफॉल्ट्स' च्या पुढे स्वल्पविराम देऊन 'नोफेल' लिहा, डिस्क नसली तरी बूट पुढे जाईल. सेव्ह केल्यावर फाइंडएमएनटी मायनस मायनस व्हेरिफाय चालवून एकदा तपासाच, या फाइलमधली एक चुकीची ओळ पुन्हा त्याच काळ्या स्क्रीनवर आणून सोडते.

आता यातलं काही नसून लॉगमध्ये 'आय-ओ एरर' (डिस्कवर वाचता-लिहिता न येणं) दिसत असेल तर गोष्ट वेगळी, मग डिस्क आजारी आहे, दुरुस्तीच्या भानगडीत न पडता लाइव्ह यूएसबीवरून आधी डेटा दुसरीकडे घ्या. आणि ब्रॅकेटमध्ये 'इनिटरॅमएफएस' असा प्रॉम्प्ट आला तर बहुतेक वेळा रूट पार्टिशनला एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड, हवी असते.

जर्नल फोल्डर बनवल्यावर दोन गोष्टी दिसतील, घाबरू नका. एक, लाइट अचानक गेली की पुढच्या वेळी जर्नलडी म्हणेल फाइल करप्टेड ऑर अनक्लीनली शट डाउन, रीनेमिंग अँड रिप्लेसिंग. तो जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करतो एवढंच. पण साधे मेसेज तो ५ मिनिटांनी डिस्कवर पक्के करतो, फक्त अतिगंभीर लगेच, त्यामुळे लाइट जायच्या आधीची शेवटची काही मिनिटं लॉगमध्ये नसू शकतात. दुसरं, तारीख. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर लॉगच्या सुरुवातीला भलतीच जुनी तारीख दिसते आणि नेट आलं की एकदम उडी मारून आजची होते, तेव्हा तारखेनं फिल्टर करू नका, बूटनुसारच बघा. वाचनालयाचा सेल मी जेल रोडवरून आणून बदलला होता, स्वस्तातलं काम आहे.

जागेची काळजी असेल तर जर्नलडीच्या कॉन्फ फाइलमध्ये सिस्टीममॅक्सयूज २००एम करून टाका, नाहीतर तो पार्टिशनच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४ जीबी घेतो.

आज संध्याकाळी एवढं करून बघा आणि लॉगमधली ती पहिली तक्रार, तिच्या वरच्या चार-पाच ओळी आणि पूर्ण एफएसटॅब इथे टाका, फोटो काढून टाकलं तरी चालेल, मी बघतो.