बायबल पहिल्यांदाच वाचायचंय, उत्पत्तीपासून सलग वाचू का?

सलग नको, मार्ककृत शुभवर्तमानापासून, म्हणजे नव्या करारातल्या येशूच्या जीवनावरच्या चार पुस्तकांपैकी एकापासून सुरू करा. अवघे १६ अध्याय आहेत आणि येशू कोण, हा प्रश्न ते थेट समोर ठेवतं. कोल्हापुरात आमच्या चर्चच्या तरुण संघात नेहमी दिसतं: उत्पत्ती, निर्गम उत्साहात होतं आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या होमबलींच्या (वेदीवर जाळायच्या अर्पणांच्या) नियमांपाशी वाचन थांबतं. मार्कचा चौथा अध्याय सावकाश वाचा. वादळात नावेत पाणी शिरतंय, शिष्य घाबरलेत आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. ही उशी चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कमध्येच आहे. मला तिथे प्रभू फार जवळचा वाटतो. मात्र जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, कायमचा बाजूला ठेवू नका. मार्कच्या पहिल्याच अध्यायात जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ४० व्या अध्यायातलं वचन येतं, तिथे थांबून तो अध्यायही काढून वाचा.