गोळीनं तास वाढले, अभ्यास वाढला का?

प्रश्न: मॅडम, मी औशाचा. तीन वर्षं नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतोय. यंदा पूर्व निघाली, आता मुख्य आहे. अभ्यासिकेतला मित्र झोप येऊ नये म्हणून मोडाफिनिल घेतो. तो 14 तास बसतो म्हणून महिनाभर मीही घेतोय. बसणं होतं, पण रात्री डोळा लागत नाही, छाती धडधडते. गोळीशिवाय पुस्तक उघडायची भीती वाटते. ही कॉपी झाली का? चहा चालतो, मग गोळी का नाही? वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवतोय, आधीचं आणि आत्ताचं.

उत्तर: तुझी दोन्ही पानं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. दोन्ही पंचायत राजवरची. आधीच्या पानावर अक्षर गिचमिड, पण समासात पेन्सिलनं लिहिलंयस, ‘ग्रामसभेला किती अधिकार द्यायचे हे राज्यावर का सोडलं?’ आत्ताच्या पानावर 73वी घटनादुरुस्ती, कलमं, तारखा, तीन रंगांचे हायलायटर. समास कोरा. तो कोरा समास बघून मला वाईट वाटलं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मेलबर्न आणि केंब्रिजच्या संशोधकांनी 2023 मध्ये 40 निरोगी तरुणांना अशी औषधं देऊन कोडी घातली होती. ठरावीक वजन पेलणाऱ्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू बसवायच्या. औषध घेतल्यावर मंडळी जास्त वेळ झटत राहिली, वस्तू काढघाल जास्त केली, पण डोकं लावून कमी. गोळीविना जे सरासरीच्या वर होते, त्यांच्यातले बरेच खाली घसरले. तू पूर्व स्वतःच्या डोक्यावर काढलीयस, हे विसरू नकोस.

चहाचाही अंमल असतोच. पण कॅफिन साधारण पाच तासांत निम्मं उतरतं, मोडाफिनिलला 12 ते 15 तास लागतात. दुपारी चारला घेतलेली गोळी पहाटे चारला निम्मी अंगात असते. आणि दिवसा वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. वाचायचे तास उसने आणताना तू लक्षात राहायचे तास गहाण टाकतोयस. मुळात हे औषध नार्कोलेप्सीसारख्या झोपेच्या आजारांसाठी आहे.

आता कॉपीचं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं 2011 मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी औषधं घेऊन अभ्यास करणं गैरप्रकारात धरलं. मला मात्र नियमापेक्षा तुझं ‘तो बसतो म्हणून मीही’ हे वाक्य जास्त टोचलं. आता तुझ्याकडे बघून शेजारच्या टेबलावरचा घेईल. त्याच्या घरून मेसचे पैसेही कसेबसे येत असतील. जागा आहेत तेवढ्याच राहणार, झोप मात्र अख्ख्या अभ्यासिकेची जाणार. ज्याला गोळी नको आहे, त्याला नको म्हणायची सोयच उरत नाही. मला अन्याय वाटतो तो इथे. (एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही अशा विकारासाठी डॉक्टरांनी औषध दिलेल्यांना यात ओढू नकोस, तो उपचार आहे.)

आणि समज, पोस्ट निघाली. उद्या तालुक्याला पूर आला, रात्री दोनला निर्णय घ्यायचाय, तेव्हा स्वतःच्या डोक्यावर तुझा भरवसा असायला हवा. महिनाभरातच तू लिहितोयस, ‘गोळीशिवाय पुस्तक उघडायची भीती वाटते.’ ही किंमत मला झोपेपेक्षा मोठी वाटते.

या आठवड्यात अभ्यास आठ तासांवर आण आणि रात्री अकराला दिवा बंद कर. चार दिवस जड जातील, ते मुख्य परीक्षेच्या आधी गेलेले बरे. धडधड अंगावर काढू नकोस. ससूनच्या ओपीडीत जा, अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी. मन फारच बसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतून बोलता येतं. गोळी कुणी दिली ते मला सांगू नकोस. डॉक्टरांना मात्र कोणती, किती, किती दिवस हे खरं सांग, आणि उरलेलं पाकीट सोबत घेऊन जा.