कॉम्प्युटर आणि इकॉनॉमिक्स एकत्र शिकता येतं का?

मुलगी सोलापुरात बारावी सायन्सला आहे, कोडिंगही आवडतं आणि अर्थशास्त्रही, दोन्ही एकत्र जमेल का, असं विचारलंय तुम्ही. जमेल की! आणि जोडी वाटते तितकी विचित्रही नाही.

एकदा सकाळी तिला सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याचा लिलाव बघायला न्या. गोणी फोडली, व्यापाऱ्यानं मूठभर कांदा हातात घेऊन बघितला, बोली सुरू. कोण किती बोलेल आणि का, हे अर्थशास्त्र. हाच लिलाव हजारो लोकांसाठी ऑनलाइन चालवायचा नियम लिहिणं, हे कॉम्प्युटर सायन्स. लिलावाच्या सिद्धांतासाठी 2020 मध्ये मिलग्रोम आणि विल्सन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालंय. अमेरिकेत एमआयटीनं तर 2017 मध्ये या दोन्ही विषयांची एकच पदवी सुरू केली.

आपल्याकडे बिट्स पिलानीला एम.एस्सी. इकॉनॉमिक्स घेऊन पहिल्या वर्षाच्या मार्कांवर जोडीला बी.ई. कॉम्प्युटर मिळू शकतं, एकूण 5 वर्षं. पण फी जड आहे आणि कॉम्प्युटरला चुरस भयंकर.

घरी राहूनच शिकायचं असेल तर इथल्याच कॉलेजात कॉम्प्युटरची पदवी आणि सोबत इग्नूतून, म्हणजे दूरशिक्षणाच्या मुक्त विद्यापीठातून, अर्थशास्त्राचं बी.ए. 2022 पासून यूजीसीनं (विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या आयोगानं) दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिलीय. मात्र परीक्षांच्या तारखा आधी ताडून बघा.

आणि गणिताचा कंटाळा असेल तर दोन्हीकडे अडेल, हे तिला आत्ताच सांगा.