शपथपत्र भावाचं, माहिती तुमची

प्रश्न : मी मस्कतला नोकरीला आहे. गावाकडच्या जमिनीचं साठेखत मी केलं, विसारही मीच दिला. मालक खरेदीखत करून देईना म्हणून दावा लावला. कुलमुखत्यार या नात्याने धाकट्या भावाने सरतपासाचं (आपल्या बाजूच्या मूळ साक्षीचं) शपथपत्र दिलंय. पुढच्या तारखेला त्याचा उलटतपास आहे. चालेल ना?

उत्तर : नाही. मुखत्यार तुमच्या वतीने दावा दाखल करू शकतो, पण तुमच्या डोक्यातलं शपथेवर सांगू शकत नाही. परदेशातून येणाऱ्या पत्रांत ही गल्लत नेहमीची.

शपथपत्राची शेवटची ओळ वाचा, सही करताना कोणी वाचलेली दिसत नाही : 'वरील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे.' दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 19, नियम 3 म्हणतो की शपथकर्त्याने स्वतःच्या माहितीतलंच सांगावं. समजूत चालते ती अंतरिम अर्जात, म्हणजे दावा चालू असताना केलेल्या अर्जात, तीही आधार देऊन. विसार दिला तेव्हा भाऊ तिथे होता का? उरलेली रक्कम द्यायची तुमची तयारी होती, हे तो कशावरून सांगणार? आणि अशा दाव्यात तीच तयारी सिद्ध करावी लागते. जानकी भोजवानी आणि मान कौर या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवर समोरचे वकील नेमकं हेच मांडतील. सगळा व्यवहार भावानेच हाताळला असता तर गोष्ट वेगळी होती.

शपथकर्त्याला इंग्रजीत डिपोनंट म्हणतात. लॅटिन व्याकरणातही डिपोनंट क्रियापदं आहेत : रूप कर्मणी, अर्थ कर्तरी. 'लोक्वोर' दिसतं 'बोललं जातं'सारखं, अर्थ मात्र 'मी बोलतो'. क्रियापदाला हे सोंग शोभतं, साक्षीदाराला नाही.

आता घाई करा. आदेश 18, नियम 3-अ प्रमाणे पक्षकाराने आपल्या इतर साक्षीदारांच्या आधी साक्ष द्यायची असते; नंतर द्यायची तर कोर्टाची परवानगी लागते, आणि कोर्ट कारण विचारतं. म्हणून भावाचा उलटतपास सुरू व्हायच्या आत त्याचं शपथपत्र पुराव्यात वाचायचं नाही अशी पुरसीस (कोर्टाला लेखी निवेदन) द्या आणि तुमचं दाखल करा : प्रथमपुरुषी, भारतीय दूतावासात शपथ घेऊन, सोबत मूळ साठेखत आणि बँकेने प्रमाणित केलेला खातेउतारा. उलटतपास व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने व्हावा असा अर्ज करता येईल. तो मंजूर होईलच असं नाही, तेव्हा रजा शिल्लक ठेवा. आणि वकिलांना आजच सांगा, तुमची साक्ष झाल्याशिवाय पुरावा बंदची, म्हणजे 'आमचा पुरावा संपला' अशी, पुरसीस द्यायची नाही.