एकच गोळी : बाबांना लागू पडली, काकांना का नाही?

प्रश्न : डॉक्टरताई, माझ्या बाबांना आणि सख्ख्या काकांना एकाच वर्षी स्टेंट बसला. दोघांनाही क्लोपिडोग्रेल ७५ची गोळी. बाबा ठणठणीत आहेत. काकांनी एकही दिवस गोळी चुकवली नाही, तरी चार महिन्यांत स्टेंटमध्ये गुठळी झाली. थोडक्यात वाचले. तालमीत सगळे म्हणतात, गोळीच बोगस होती. बाबांचीही बंद करू का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : नाही. बाबांची गोळी एक दिवससुद्धा बंद करू नका. नुसत्या शंकेपोटी गोळी सोडलेले आणि पुन्हा ॲटॅक येऊन दाखल झालेले पेशंट मी पाहिले आहेत.

गोळी चांगली असूनही असं होऊ शकतं. क्लोपिडोग्रेल गिळतो तशी काही कामाची नसते. यकृतातलं सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम तिला कामाची करतं, मग ती प्लेटलेट्सना (रक्तात गुठळी बनवणाऱ्या पेशींना) एकमेकींना चिकटू देत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका गुळव्याला हे सांगितलं, तर तो लगेच म्हणाला, "म्हंजे चुलवाण पेटलंय, काहिलीत रस हाय, पण गुळव्याच न्हाई!" अगदी तेच.

हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही निकामी आल्या, तर गोळीचा असर फार कमी पडतो. सख्ख्या भावांतही ही वाटणी वेगळी होते. युरोपीय लोकांपेक्षा आपल्याकडे निकामी प्रत जास्त आढळते, म्हणून मला हा विषय जवळचा वाटतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१० मध्येच या गोळीवर ठळक इशारा छापायला लावला. उलटही घडतं : कोडीन या वेदनाशामकाचं शरीरात मॉर्फिन होतं, ते काहींच्यात इतक्या झपाट्यानं होतं की नेहमीचा डोसही धोक्याचा ठरतो. तिथलं एन्झाइम मात्र वेगळं.

काकांच्या बाबतीत जनुकच कारणीभूत, असं मी इथे बसून म्हणणार नाही. मधुमेह, तंबाखू, स्टेंट नीट न फुलणं, यानंही गुठळी होते. पण त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना सीवायपी२सी१९च्या तपासणीबद्दल जरूर विचारा. रक्त किंवा लाळ पुरते, आणि जनुक बदलत नसल्यानं ती आयुष्यात एकदाच करायची. दोष निघाला तर टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल आहे. या गोळ्यांत रक्तस्रावाचा धोका जास्त, म्हणून निवड हृदयरोगतज्ज्ञांवरच सोडा. रिपोर्ट काकांच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर लावा.

आणि एक. तांबड्या रश्श्यानंतर जळजळ होते म्हणून घरोघरी आम्लपित्ताची गोळी असते. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल याच एन्झाइमला अडवतात. म्हणजे बाबांचं जनुक चांगलं असलं तरी गोळीचा असर कमी होऊ शकतो. आज रात्री बाबांचा औषधांचा डबा उघडून पाहा. यातली एखादी सापडली, तर डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या.