पीटरबरोत मातीचं घर: भिंत काडाची, माती गिलाव्याला

तुम्ही विचारलंत की कॅनडातल्या ओंटारियोत स्थायिक झाल्यावर पीटरबरोच्या आसपास जमीन घेऊन, गावाकडच्यासारखं दोन फुटी मातीच्या भिंतींचं घर बांधलं तर चालेल का. नुसत्या मातीचं नका बांधू. तिथे जानेवारीत रात्रीचा पारा उणे 20 च्या खाली जातो. माती ऊब साठवते, अडवत नाही. आपल्याकडे दिवस तापतो आणि रात्र निवते, म्हणून ती भिंत सुखाची वाटते. तिथे बाहेर महिनोन्‌महिने गोठलेलं असतं. त्यापेक्षा काडाचे गठ्ठे रचून भिंत करा आणि माती गिलाव्याला वापरा. अशी दीड फूट भिंत मातीच्या भिंतीच्या चार-पाचपट ऊब अडवते.

काड गव्हाचंच घ्या. हिरव्या गवताची वैरण आत कुजते. गव्हाची कापणी जुलैत होते, तेव्हाच शेतकऱ्याशी बोलून ठेवा. दोन सुतळ्यांचा गठ्ठा साधारण 35 × 45 × 90 सेंमी असतो. सुतळीला धरून उचलल्यावर सैल पडला तर परत करा. ओलावा मीटरने मोजा: 15 टक्क्यांच्या आसपास उत्तम, 20 च्या वर अजिबात नको. दारं-खिडक्या वगळून 80 चौरस मीटर भिंतीला अडीचशेच्या वर गठ्ठे लागतात, 290 मागवा.

लाकडी सांगाडा आणि छप्पर आधी, काड नंतर. हा क्रम कुणाच्याही सांगण्यावरून बदलू नका, कारण भिंत अर्धी असताना पडलेला एक मोठा पाऊस ती पूर्ण वाया घालवू शकतो. पाया गोठणाऱ्या थराखाली, म्हणजे चार-पाच फूट खोल, किंवा कडेने इन्सुलेशन (थंडी अडवणारा थर) घालून उथळ. जोतं बाहेरच्या जमिनीपासून निदान 20 सेंमी उंच ठेवा. बर्फ तिथेच साचतो. आतल्या फरशीपासूनही पहिला थर चार सेंमी वर घ्या, म्हणजे नळ फुटला तरी काड भिजणार नाही. पाण्याचे पाइप या भिंतींत घालूच नका. वळचण 60 सेंमी.

गिलावा दोन्ही बाजूंनी, सुमारे तीन सेंमी. पहिला हात पातळ चिखलाचा, काडात बोटांनी दाबून. मग एक भाग चिकणमातीला अडीच-तीन भाग वाळू आणि बारीक चिरलेलं काड. प्रमाण आधी भिंतीच्या तुकड्यावर करून बघा, भेगा पडल्या तर वाळू वाढवा. बाहेरचा शेवटचा हात चुन्याचा. तो थंडीच्या आत पक्का व्हायला हवा, म्हणून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संपवा. गोठलेल्या चुन्याचे पोपडे निघतात. सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक रंग ओल आत कोंडतात.

इतकं करूनही भिंती कुजतात त्या बहुधा खिडकीखाली आणि छताच्या सांध्याशी. खिडकीच्या उंबऱ्याला बाहेर उतार, खाली पागोळी तोडणारी खाच, उंबऱ्याखाली पाणी अडवणारा पडदा हवा. छताच्या सांध्यात फट राहिली की स्वयंपाकाची दमट हवा तिथून भिंतीत शिरते आणि बाहेरच्या थंड बाजूला तिचं पाणी होतं. गिलावा सुकताना आक्रसतो, म्हणून लाकडाला नुसता टेकवू नका. सांध्यावर जाळी आणि हवाबंद पट्टी लावूनच गिलावा चढवा.

परवान्यासाठी नगरपालिकेचं बिल्डिंग खातं इंजिनिअरच्या सहीचे नकाशे मागेल. काडाच्या भिंतीला बहुधा ‘अल्टरनेटिव्ह सोल्युशन’, म्हणजे नेहमीच्या नियमांतल्या बांधणीला पर्यायी पद्धत, म्हणून मंजुरी घ्यावी लागते. त्याला हिवाळा द्या. स्वतः बांधलेल्या घराला ओंटारियोची नव्या घरांची वॉरंटी लागू होत नाही. विमा आणि बांधकाम-कर्ज देणाऱ्यांकडून लेखी होकार जमीन घेण्याआधी मिळवा, नंतर नाही.