स्पंदित आयन-स्रोत उभारणाऱ्या नवख्यास

साताऱ्यात स्पंदित आयन-स्रोत, म्हणजे थोड्या थोड्या वेळाच्या स्पंदांत प्लाझ्मा (आयन व सुटे इलेक्ट्रॉन असलेला वायू) तयार करून त्यातून आयनांची शलाका खेचणारे यंत्र, उभारायचा तर वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांच्या आकड्यांत रमण्याआधी जिथून आयन खेचले जातात त्या प्लाझ्माच्या सीमेचा विचार करा. दोन इलेक्ट्रोडांमधून जास्तीत जास्त किती प्रवाह खेचता येतो हे सांगणाऱ्या चाइल्ड-लँगम्यूर नियमानुसार व्होल्टेज दुप्पट केल्यास प्रवाहाची मर्यादा सुमारे २.८ पट वाढते आणि इलेक्ट्रोडांमधले अंतर निम्मे केल्यास चौपट. परंतु आयनांचा पुरवठा ठरतो तो प्लाझ्माची घनता आणि इलेक्ट्रॉनांचे तापमान यांवर, आणि पुरवठा मर्यादेहून जास्त झाला की सीमा बाहेर फुगून शलाका फाकते. स्पंदाच्या सुरुवातीला घनता चढतीवर असते, म्हणून ती स्थिरावल्यावरच खेचणारे व्होल्टेज द्यावे. मी पहिल्या खेपेस प्लाझ्माचा स्पंद आणि हे व्होल्टेज दोन्ही एकदम दिली; इलेक्ट्रोडच्या छिद्राच्या काठावर मोहरीएवढे काळे डाग उठले, तो इलेक्ट्रोड आजही टेबलावर ठेवला आहे. शलाकेकडून स्रोताकडे उलट धावणारे इलेक्ट्रॉन अडवण्यासाठी ऋण इलेक्ट्रोड हवाच. आपल्याकडच्या पावसाळ्यात स्रोताचा निर्वात चेंबर उघडा राहिला तर भिंतींवर पाण्याचा थर बसतो आणि शलाकेत नको ते हायड्रोजन व ऑक्सिजनचे आयन येतात; तेव्हा उघडण्यापूर्वी कोरडा नायट्रोजन भरावा आणि बंद केल्यावर चेंबर तापवून घ्यावा. कपॅसिटरला मात्र भूसंपर्काची दांडी लावल्याखेरीज हात लावू नये, मीटर शून्य दाखवत असला तरीही.